घरी गाडीचं काम करताना इंजिन चालू ठेवायचं असेल तर

घरी बाइक उघडून बसलं की आपला हात आपोआप किककडे जातो. ऑइल बघायचंय, मार किक. चेनला ऑइल सोडायचंय, टाक पहिला गिअर आणि फिरू दे चाक. काहीच सुचत नसेल तरी मार किक, निदान आवाज तरी ऐकू. मी पण हेच करायचो. आता पंधराएक वर्षं बाबांची जुनी स्प्लेंडर आणि स्वतःची एक इंजेक्शनवाली (कार्बोरेटरऐवजी पंपाच्या प्रेशरने पेट्रोल फवारणारी) गाडी घरीच बघतोय, आणि एवढं कळलंय की घरच्या बहुतेक कामांना इंजिन चालू लागतच नाही. ब्रेक शू, केबल, एअर फिल्टर, प्लग, चेन, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), सगळं बंद गाडीवर होतं, टॅपेट तर थंड इंजिनवरच करायचे असतात. चालू इंजिन लागतं ते चार-पाच कामांना: जुनं ऑइल काढायच्या आधी ते थोडं पातळ करायला, नवीन ऑइल भरल्यावर गळती बघायला, आयडल (रेस न देता इंजिन ज्या वेगात चालू राहतं तो) सेट करायला, चार्जिंग येतंय का बघायला आणि कुठून खडखड येतेय ते ऐकायला. बास. म्हणून किक मारायच्या आधी मी स्वतःलाच विचारतो, कशासाठी चालू करतोय आणि किती वेळ? उत्तर नसेल तर चावी खिशात.

आता जागेचं बघू, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे होते आणि ती करताना कळत पण नाही.

आम्ही चिपळूणचे. पावसाळ्यात आमच्या पडवीला तिन्ही बाजूंनी निळी ताडपत्री असते, नाहीतर झड थेट दारापर्यंत येते. एका जुलैत कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब, साफ करून बसवला आणि आयडल काही केल्या लागेना. बाहेर धो धो पाऊस, गाडी आत, चोक ओढलेला, स्क्रू एकदा इकडे एकदा तिकडे असं वीस मिनिटं तरी चाललं असेल. आतून आई ओरडली, "अरे बंद कर ती गाडी, डोकं भणभणायला लागलं माझं." मी म्हटलं होईल गं दोन मिनिटांत. मग उठायला गेलो तर मलाच गरगरलं, मळमळ सुरू झाली आणि मला वाटलं सकाळपासून पोटात काही नाही म्हणून पित्त झालं असेल. बाहेर ओट्यावर येऊन पावसात उभा राहिलो तेव्हा दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटलं. पित्त असं पंधरा मिनिटांत जात नाही.

तो कार्बन मोनॉक्साइड होता. या वायूला ना वास, ना रंग, ना डोळ्यांची जळजळ. सायलेन्सरचा जो वास येतो तो धुरातल्या बाकीच्या गोष्टींचा, त्यामुळे "वास कमी आहे म्हणजे चालतंय" हा हिशोबच चुकीचा, आणि नाकाला पाच मिनिटांत वासाची सवय होते ते वेगळंच. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपटीहून जास्त घट्ट धरून बसतं, म्हणून हवेत थोडा असला तरी शरीरात साठत जातो. आणि थंड इंजिन, चोक ओढलेला, मिश्रणात पेट्रोल जास्त अशा वेळी तो सगळ्यात जास्त तयार होतो, म्हणजे नेमकं आपण पडवीत बसून करतो तेच. बीएस 6 (नवीन प्रदूषण नियमांची) गाडी आहे, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे म्हणून निवांत बसू नका, तो कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय काम करत नाही.

त्यामुळे बंद खोली, शटर लावलेलं गॅरेज, सोसायटीचं बेसमेंट, जिन्याखालची जागा, वाड्याचा बोळ, इथे इंजिन चालू करायचंच नाही, एक मिनिटासाठीही नाही. शटर अर्धं उघडलंय, खिडकी उघडी आहे, पंखा लावलाय, यातलं काही पुरत नाही, पंखा तीच हवा घुसळत राहतो. गाडी ढकलत बाहेर काढा, सायलेन्सरचं तोंड घरापासून लांब ठेवा आणि वाऱ्याने धूर घराकडे येत असेल तर गाडी फिरवा. जवळची खिडकी तेवढ्या वेळापुरती लावून घ्या, आत कुणी झोपलं असेल, तान्हं बाळ असेल तर आधी विचार त्यांचा. पाऊस असेल तर? तर काम उद्या. आता चिपळूणच्या पावसाला उद्या म्हणजे कधी हे विचारू नका, पण तासाभराची उघडीप मिळतेच की.

आणि कधी कुणाला अशा ठिकाणी डोकेदुखी, गरगर, मळमळ, हातापायातला जोर गेल्यासारखं वाटलं तर लिंबूपाणी देत बसू नका, आधी मोकळ्यावर आणा. कुणी निपचित पडलेलं दिसलं तर आत बसून हाका मारत राहू नका, दार सताड उघडा, चावी बंद करा, ओढून बाहेर काढा आणि 108 ला फोन करा. बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी मध्ये शुद्ध हरपली असेल तर दवाखाना चुकवायचा नाही.

जागा झाली, आता गाडी. डबल स्टँडवर घ्या, साइड स्टँडवर चालू इंजिनचं काम करू नका. आमच्याकडे अंगणात पावसाळ्यात माती इतकी मऊ होते की स्टँड हळूहळू रुततो आणि गाडी झोपते, म्हणून मी खाली जाड फळी टाकतो आणि पुढच्या चाकापुढे चिऱ्याचा तुकडा लावतो. काही नवीन गाड्यांना डबल स्टँडच नसतो, त्यांना मागचा पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) घ्या, विटांवर उभी करायचे प्रयोग नकोत. गिअर न्यूट्रलला आहे का ते नुसत्या हिरव्या लाइटवर सोडू नका, मागचं चाक हाताने फिरवून बघा. डबल स्टँडवर मागचं चाक हवेत असतं, गाडी गिअरमध्ये असली आणि कुणाचा धक्का लागून स्टँड सुटला तर चाक जमिनीला टेकताक्षणी ती भिंतीपर्यंत जाते. मुलांना गाडीवर बसून ॲक्सिलेटर पिळायची भारी हौस असते, तेव्हा घरातली पोरं आधी आत.

केबल, हँडल किंवा कार्बला हात लावला असेल तर किक मारायच्या आधी ॲक्सिलेटर पूर्ण पिळून सोडा. टक् करून स्वतःहून परत आला पाहिजे. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून परत तेच करा, कारण केबल चुकीच्या जागेतून गेली असेल तर हँडल वळवलं की ती ताणली जाते आणि रेस आपोआप वाढते. कार्बमधला स्लाइड (ॲक्सिलेटरने वर-खाली होणारा भाग) उलटा बसवला तर पहिल्या किकलाच इंजिन बोंबलत सुटतं, हे मी केलेलं आहे. अशा वेळी माणूस बावचळतो आणि ॲक्सिलेटरशीच झटापट करत बसतो. आधीच ठरवून ठेवा: किल स्विच, नाहीतर चावी. जुन्या गाडीला किल स्विच नसेल किंवा गंजून बसला असेल तर चावीवर हात ठेवूनच पहिली किक मारा.

कपड्यांचं सांगायला नको, पण सांगतो. लुंगी, ओढणी, सैल बाह्या, गळ्यातला मफलर, हातातलं कडं, अंगठी, सगळं बाजूला. पायात चप्पल नको, बूट घाला. केस लांब असतील तर बांधा. पुसायचं फडकं टाकीवर किंवा सीटवर ठेवायची सवय मोडा, ते घसरून एकतर चेनमध्ये जातं नाहीतर बेंड पाइपवर (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम पाइपवर) पडून जळायला लागतं. एअर फिल्टर काढलेला असेल तर फडकं कार्बच्या तोंडात ओढलं जाऊ शकतं. तसं तर फिल्टर काढून इंजिन चालूच करू नका, धूळ थेट सिलेंडरमध्ये जाते आणि इंजिनाने मागे फायर मारला तर ज्वाळ त्याच तोंडातून बाहेर येते.

आता चेन. यावर मी जरा जास्त बोलणार आहे. गाडी डबल स्टँडवर, पहिला गिअर, चाक गरागरा फिरतंय आणि एका हाताने फडकं धरून चेन पुसायची, हे गावोगाव चालतं, व्हिडिओत पण दाखवतात. माझ्या चुलतभावाने असंच केलं. फडक्याचा एक धागा चेनच्या कडीत अडकला, फडकं ओढलं गेलं, फडक्याबरोबर हात, आणि मधलं बोट स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) आणि चेनच्या मध्ये. सगळं एका सेकंदात, हात सोडायला वेळच मिळत नाही. बोटाचं पहिलं पेर गेलं त्याचं. आयडलला इंजिन अगदी हळू चालल्यासारखं वाटतं, पण पहिल्या गिअरला चेनमागे जो जोर असतो त्यापुढे बोट म्हणजे काकडी. चेन पुसताना, ऑइल सोडताना, ताण बघताना इंजिन बंद, चावी काढलेली, गिअर न्यूट्रलला आणि चाक हाताने फिरवायचं, तेही स्प्रॉकेटपासून लांब टायरला धरून. पाच मिनिटं जास्त लागतात, लागू देत. आणि एक बारीक गोष्ट, न्यूट्रलला असतानाही इंजिन चालू असलं की डबल स्टँडवरचं मागचं चाक हळूहळू फिरत राहतं, आतल्या ऑइलच्या ओढीने. त्यामुळे न्यूट्रल आहे म्हणून चालू गाडीच्या चेनला हात लावला तर चालतं असं नाही.

तापण्याचा विषय. आपल्या 100-150 सीसीच्या बहुतेक गाड्या हवेवर थंड होतात, सिलेंडरवरच्या त्या फिन्समधून वारा गेला तरच. गाडी उभी असली की वाराच नाही. आयडलला चार-पाच मिनिटं काही होत नाही, पण उभ्या उभ्या दहा मिनिटं रेस देत राहिलात तर ऑइल पातळ होतं, पिस्टनला ताप बसतो आणि जुनं इंजिन असेल तर सीज पण होऊ शकतं, म्हणजे पिस्टन आतच अडकून बसतो. मी पाच मिनिटांचा मोबाइलवर टायमर लावतो, वाजला की बंद, काम अर्धवट असलं तरी. जास्त वेळ लागणार असेल तर घरातला टेबल फॅन समोर ठेवून वारा थेट सिलेंडरवर सोडा, वायर मागच्या चाकापासून आणि पाण्यापासून लांब ठेवा. हा पंखा इंजिनसाठी आहे, धुरासाठी नाही, म्हणजे बंद पडवीत पंखा लावून बसायचं नाही, ते वर झालंय बोलून. रेडिएटरवाल्या गाड्यांचा पंखा मध्येच कधीही सुरू होतो, तिथे बोटं घालू नका आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी प्रेशरने तोंडावर येतं.

ऑइल बदलताना दोन-तीन मिनिटं इंजिन चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग चेंबरचा नट काढा. उकळेपर्यंत तापवायची गरज नाही, नट सुटताक्षणी ते ऑइल मनगटावरून वाहतं. जुनं काढलं, नट वॉशरसकट बसवला, आणि इथे फोन येतो किंवा चहा येतो. परत आल्यावर माणूस सवयीने किक मारतो आणि आत ऑइलचा थेंब नाही. म्हणून माझा नियम असा की चावी रबरबँडने नवीन ऑइलच्या भरलेल्या डब्याला बांधायची, डबा रिकामा झाल्याशिवाय चावी सोडायची नाही. स्प्लेंडरला 900 मिलीचा डबा मिळतो, 10डब्ल्यू30. भरल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलला चालवा, रेस देऊ नका, खाली नटापाशी टॉर्च मारून गळती बघा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग गाडी सरळ उभी असताना ऑइलची पट्टी पुसून लेव्हल बघा. या गाड्यांना पट्टी नुसती टेकवून बघायची असते, आटे फिरवून आत घालून नाही. चालू इंजिनमध्ये पट्टी काढायची नाही, गरम ऑइल उडतं.

आयडल सेट करताना आधी दहा मिनिटं गाडी रस्त्यावर फिरवून आणा, उभ्या उभ्या तापवू नका. मग आयडलचा स्क्रू थोडा आत घेऊन रेस किंचित वाढवा, कार्बवरचा एअर स्क्रू हळूहळू फिरवत जिथे इंजिन सगळ्यात मोकळं आणि वेगात वाटेल तिथे थांबवा, मग आयडल परत खाली आणा. बहुतेक छोट्या गाड्या 1300 ते 1500 च्या आसपास ठेवायच्या असतात, मीटर नसेल तर कानाने, ब्रेक लाइट मंद होत नाही आणि गाडी मरत नाही एवढं बघा. हात बेंड पाइपच्या अगदी जवळ असतो, लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, आखूड घेतला की मनगटावर पट्टा उमटतो. इंजेक्शनवाल्या गाडीला हे स्क्रू शोधत बसू नका, तिथे आयडल ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, सांभाळतो. आणि तिच्या पेट्रोलच्या नळीत पंपाचं प्रेशर असतं, गरम इंजिनवर ती नळी उपसलीत तर पेट्रोलचा फवारा थेट सिलेंडरवर.

चार्जिंग बघायला मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर, लाल प्लसला, काळा मायनसला. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास, आणि चालू करून रेस दिल्यावर 14 ते साडेचौदा दिसलं की ठीक. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय. जुने लोक चालू गाडीची बॅटरीची वायर काढून बघायचे, गाडी चालू राहिली म्हणजे चार्जिंग आहे. आता असं करू नका. बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळी मारतं आणि ईसीयू, मीटर, बल्ब यातलं काहीतरी जातं, दोनशे रुपयांच्या मल्टिमीटरने होणारं काम हजारोंवर जातं.

प्लगचा स्पार्क बघताना प्लग हातात धरायचा नाही, रबराच्या कॅपला धरून प्लगचा धातू इंजिनला टेकवायचा, आणि प्लगच्या भोकापासून लांब. किक मारल्यावर त्या भोकातून पेट्रोलची वाफ फुसकन बाहेर येते आणि शेजारीच तुम्ही ठिणगी पाडताय. ओव्हरफ्लो झालेल्या (जास्तीचं पेट्रोल आलेल्या) गाडीवर तर हा प्रकार नकोच.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते. कार्ब पेट्रोलने धुतला, भांडं तिथेच उघडं, आणि दोन फुटांवर इंजिन चालू केलं, असं नको. भांडं झाकून लांब ठेवा, सांडलेलं पुसा, फडकं उन्हात वाळू द्या, मग किक. देवाची समई, गॅस गीझर, पाण्याच्या पंपाचं स्टार्टर, विडी ओढणारे काका, सगळं लांब. मी जवळ वाळूची बादली ठेवतो, आग विझवायचा पावडरचा छोटा एबीसी सिलेंडर असेल तर उत्तमच. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढे जातं.

आता पुराची गाडी, हे आमच्या गावाला माहितीय. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या हँडलपर्यंत बुडाल्या. पाणी उतरल्यावर चिखल काढायच्या आधीच लोक किक मारून बघत होते. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी आधी चालू करायचीच नाही. बॅटरी सोडवा, प्लग काढा, हळूहळू हाताने किक दाबून पाणी बाहेर काढा, एअर फिल्टर बदला, कार्बचा खालचा स्क्रू सोडून पाणी काढा, टाकी रिकामी करा. ऑइल काढलंत आणि ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. नवीन स्वस्तातलं ऑइल भरा, दोन-चार मिनिटं चालवा, तेही काढून टाका, परत पांढरट आलं तर परत. मग चांगलं ऑइल. इंजेक्शनवाली असेल तर सरळ टेम्पोत घालून मेकॅनिककडे.

मुंबई-पुण्याला राहणारी मंडळी गावाकडच्या माणसाला सांगून ठेवतात, आठवड्यातून एकदा गाडी पाच मिनिटं चालू करून ठेव म्हणून. उपयोग नाही. पाच मिनिटांच्या आयडलने बॅटरी भरत नाही, उलट सेल्फला जेवढी गेली तेवढी पण परत येत नाही, आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठून तो आतून गंजतो. वीस मिनिटं फिरवून आणणार असेल तर चालू करा, नाहीतर बॅटरीची मायनस वायर काढून गप्प ठेवा.

काम झालं, इंजिन बंद, आता निदान अर्धा तास सायलेन्सरच्या बाजूला कुणी जायचं नाही. पोटरीला चटका बसलाच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. कव्हर लगेच घालू नका, माझं एक कव्हर सायलेन्सरवर असं वितळलं की आज पण पाइप तापला की त्याचा वास येतो. खंडेनवमीला धुऊन-पुसून गाडी तयार केली, घरातल्यांनी झेंडूचा हार घातला तर तो चाकापासून आणि बेंड पाइपपासून वर बांधा, आणि फेरी मारायच्या आधी काढून ठेवा.

आणि पावसाळ्यात इंजिनाची ऊब शोधत मांजराची पिल्लं येऊन बसतात, आमच्याकडे एकदा तीन निघाली, चेन कव्हर आणि इंजिनाच्या मधल्या खाचेत. सकाळी किक मारायच्या आधी सीटवर दोन थापा मारा आणि खाली वाकून बघा.